अंडी किती वाजता फळली?

परळ, बुधवार

प्रिय रामचंद्र यास राजारामाचा सप्रेम जयभीम. वेसाव्याला सासुरवाडीत मजेत असशील (जावयाचं पोट तिथं कधी बिघडत नाही म्हणतात). पाठीची उसण गेली का? इथे माझी मात्र पार घाबरगुंडी उडाली आहे.

प्रयोगशाळेतली माझी जागा अजून कच्चीच आहे. साहेब येत्या सोमवारी विलायतेला निघणार. त्याआधी एक प्रयोग धड करून दाखवला तर ती पक्की, नाहीतर घरी. पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची हुबेहूब नक्कल काढते, ती कितव्या मिनिटाला, हे शोधायचं. माणसाच्या आत डोकावता येत नाही, म्हणून खडकातले ते काळे काटेरी गोळे, साहेबांच्या भाषेत सी-अर्चिन (ज्यांच्यावर पाय देऊन तू लहानपणी बोंबलला होतास). त्यांच्या नर-मादीचं बीज एकत्र केलं की हजारो अंडी एकदम फळतात आणि एकदमच नकला काढायला बसतात. तो क्षण घड्याळात टिपायचा, मग दर पाच मिनिटांनी थोडी अंडी औषधात टाकून जागच्या जागी थांबवायची.

काल ते जिवंत गोळे न्यायला मी शेवंतामावशीकडे, म्हणजे तुझ्या आईकडे, वरळीला गेलो. ओळखीच्या माणसाला म्हावरं साफ केल्याशिवाय द्यायचं नाही, हा तिचा बाणा. "अरं पोरा, काटं कनाला नेतस? मी साफ करून ठेवलाय." सगळे गोळे फोडून, नर-मादी सगळ्यांचं बीज, समुद्राच्या पाण्यात, एकाच पातेल्यात! म्हणजे घड्याळ सुरू होऊन चुकलेलं. पण कधी? तिच्या घरात वेळ कळते ती गिरणीच्या भोंग्यावर, आणि काल संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. भोंगा नाही, बसही नाही, रस्त्यावर नुसते मोर्चे. पुन्हा गोळे मिळायला अमावास्येची ओहोटी हवी. पातेलं छातीशी धरून परळपर्यंत धावलो. वाटेत पोलिसांनी दोनदा झाकण उघडायला लावलं (दुसऱ्यानं वासावरच सोडलं). भिंगाखाली पाहिलं, तर एकही अंडं अजून दुभंगलं नव्हतं. म्हणजे वेळ गेली नव्हती; आनंदानं मला रडूच फुटलं रे.

पुढचं सगळं नीट पार पडलं. साहेब खूष आहेत. शनिवारी वही तपासणार.

तुझा,
राजाराम

ता. क. वहीत सुरुवातीची वेळ मी 'अकरा' अशी ठोकून दिली आहे. तेव्हापासून ती वही उघडवत नाही. शुक्रवारी घरी गेलास की मावशीला सहज विचार, पातेल्यात ओतताना दारावरून कुठला मोर्चा जात होता. त्याची वेळ मी वर्तमानपत्रातून काढीन. मला विचारवत नाही. तिनं मायेनं केलं, बिघडवलं हे तिला कळता कामा नये.

ता. क. दुसरा. तिला नाहीच आठवलं तर साहेबांना खरं सांगणार. तुझ्या होडीवर एक गडी हवा होता ना? (मला बोट लागते, तेवढं चालवून घे.)