हातांवर नजर

४ मार्च
देवाच्या कृपेने पन्नाशीच्या तोंडावर नोकरी लागली. दवाखाना स्वच्छ, खिडक्या मोठ्या. मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मला ‘मामा’ करून टाकलं. काम असं : जीव द्यायला निघालेल्या पेशंटच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचं. नजर त्याच्या हातांवर. गप्पा मारायच्या नाहीत. बायको म्हणाली, बसायचा पगार मिळतो होय, मग घरी नुसता बसलेला आपला थोरला तर साहेबच व्हायचा!

६ मार्च
कोपऱ्यातल्या खोलीत एक शिक्षिका आहे. माझ्या मुलीच्या वयाची. दर पाळीला सिस्टर येते, ताप विचारावा तसं विचारते, जीव द्यावासा वाटतो का? ती नाही म्हणते. सिस्टर पुढच्या खोलीत. आज ती मला म्हणाली, मामा, माझे हात तुम्हा सगळ्यांना पाठ झालेत, चेहरा ओळखाल का? मी हातांकडेच बघत राहिलो.

९ मार्च
आज ती मोकळं बोलली. विचार गेलेले नाहीत. पण सिस्टरला खरं सांगितलं की पहारा वाढतो, दार उघडं ठेवून, माणसांदेखत कपडे बदलावे लागतात, म्हणून ती नाही म्हणते. मी म्हटलं, पोरी, जीव देवाने दिलाय, टाकणं पाप आहे. चांगल्या मनानेच म्हटलं. ती म्हणाली, बरोबर आहे मामा.
डॉक्टरांना सांगायला हवं. पण गप्पा मारल्या म्हणून मलाच झापतील.

११ मार्च
ती सुधारली म्हणतात. उद्या भाऊ न्यायला येणार. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही मान हलवली.
जेवताना माझ्या हातांवर नजर जाणवली. मागे कुणी नव्हतं. ताट बाजूला सरकवलं.

१२ मार्च, सकाळ
देवापुढे हात जोडवेनात. दारात कुणीतरी बसलंय. हातांकडेच बघतंय. बायकोला दिसत नाही. तिने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे — आवाज त्या पोरीचा.

दुपार
खुर्चीत. वही मांडीवर. लिहिणारे हात माझे नाहीत — बारीक, निळ्या शिरांचे — तिचे —
भाऊ आला. तिची पिशवी भरून झाली. डॉक्टर सही करतायत. उठलो, तोंड उघडलं. आवाजच नाही. देवा, पाप तिचं नव्हे, माझं —
लिहूनच दाखवतो —
डॉक्टर, तिला पाठवू नका. ती खोटं बोलली, आपणच तिला खोटं बोलायला लावलं — मला तिने सांगितलंय, ती अजून —