गड्ड्यातली आंबट पापडी

२८ डिसेंबर १९७६
मामंजी नाही म्हणाले. सरळ नाही!

मी एवढंच विचारलं होतं – यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत आपल्या मक्याच्या पापडीला नवी चव द्यायची का? मक्याचं पीठ मळायचं, पातळ लाटून तिकोनी तुकडे कापायचे, तळायचे, वर तिखट-मीठ. लग्न होऊन या घरात आल्यापासून तेच करतेय.

"ह्या चनबसप्पाची पापडी म्हणजे तिखट-मीठ. दुसरं काय बी घालायचं न्हाय!"

हे शेजारीच होते. पाणी प्यायला उठून गेले.

३० डिसेंबर
दुपारी मामंजी दुकानात, सासूबाई मठात. केलं धाडस! आमचूर, जिरेपूड, काळं मीठ, चिमूटभर लिंबूफूल – तेच ते, लिंबाचं सत्त्व. गरम पापडीवर भुरभुरवलं आणि डबा हलवला.

ह्यांनी एक खाल्ली. "बरी हाय की." बरी! एवढंच?

शेजारच्या बसम्मानं खाऊन डोळे मिटले. उघडले ते माझ्या पोटावरच. "आंबट खावंसं वाटायलंय व्हय गं?"

तसं काही नाही म्हटलं. पटलं नाही. संध्याकाळी नळावर सगळ्या बाया मला आधी पाणी भरू देत होत्या.

३१ डिसेंबर
सासूबाईंना डबा सापडला. मेले!

नागव्वाबाई माझ्या सासू – दिसतात मोठ्या बहिणीसारख्या, धाक मात्र हेडमास्तरांचा. एक तुकडा चावला. माझ्याकडे पाहिलं. दुसरा उचलला. मग तिसरा. उभ्या उभ्या अर्धा डबा संपवला! माझ्या हातच्या कशालाही आजवर चांगलं म्हटलेलं नाही. आज म्हणाल्या, "आंबट कमी पडलंय."

आनंदाच्या भरात वांग्याची भाजी करपवली.

४ जानेवारी १९७७
आमचूर वाढवलं. "अजून."

७ जानेवारी
लिंबूफूल वाढवलं. "अजून थोडं घाल की." माझी जीभ सोलून निघालीय. पण त्यांना आवडतंय ना! आज भाकरी थापताना त्या माझ्याशी माहेरच्या गोष्टी बोलल्या. वळसंगच्या शेतातल्या विहिरीत पोहायच्या म्हणे. सासूबाई आणि पोहणं!

९ जानेवारी
मामंजींशी त्याच भांडल्या. कानडीत, म्हणजे मोठ्यानं. मामंजी हरले. जत्रेत निम्मी पापडी आंबट!

१४ जानेवारी
फजिती. नुसती फजिती.

पहिल्याच गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं. "दात आंबले की हो बाई!" दुसऱ्यानं पुडी परत केली. एक म्हातारा तर थुंकला – अगदी आमच्या पालासमोर. मामंजी लाल झाले. "तरी सांगत हुतो! कुणी सांगितलं हुतं नसती अक्कल चालवायला?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. "मी घालायला लावलं. तिला बोलू नका." माझ्यासाठी! माझे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात त्या कढईजवळ एकदम खाली बसल्या. तोंड पांढरंफटक. मग आडव्याच झाल्या.

धावाधाव. कांदा हुंगवला, पाणी मारलं. कुणीतरी म्हणालं, "रोज लिंबूफूल खात्यात व्हय? आतडी जळली असतील."

मीच घातलं ना ते! त्या अजून म्हणत होत्या तरी मला कळायला नको होतं? शुद्धीवर आल्यात, पण पेजसुद्धा पोटात टिकत नाही. मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. हे म्हणतात, "तसं काय नसतंय." पण दर घटकेला आईच्या उशाशी जाऊन बघून येतात.

१५ जानेवारी
मीच त्यांना टांग्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं – आमचूर, लिंबूफूल, किती दिवस. रडतच सांगितलं. त्यांनी सासूबाईंना आत नेलं. बराच वेळ लागला. देवाचं नाव घेत बसले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हसत. "आतडी ठणठणीत आहेत. दिवस गेलेत."

"नाही हो," मी म्हटलं, "मला तसं काही नाही –"

"तुम्हाला कोण म्हणतंय?"

मागे सासूबाई उभ्या होत्या. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. टांग्यात बसल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "लोक काय म्हनतील गं? घरी तूच सांग. मला लई लाज वाटती."