आठांवरून एक

ताई,

दर फोनला तू "पाठ कशी आहे गं?" विचारतेस आणि मी विषय बदलते.

जुनाट पाठदुखीवर गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या कमी करून हातांनी उपचार करता येतात का, असा एक अभ्यास चाललाय. त्यात मी नाव घातलंय. मी पालथी पडते, डॉक्टरीणबाई मणक्यालगत हळूहळू तळवे टेकवत जातात, आणि खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते. पडद्यावरचं ऊन हलत राहतं. शिलाई मशीनवर वाकून काढलेली वीस वर्षं कुणी एकेक टाका उसवतंय, असं वाटतं.

परवा त्या तंद्रीत मी काहीतरी बडबडले. बाईंनी विचारलं, "कुणाची माफी मागत होतात हो?"

"बहिणीची," मी म्हटलं.

तुझ्या ऑपरेशननंतर मी राहायला आले होते, तेव्हा तुझ्या दुखण्यावरच्या गोळ्या मोजल्या की कमी भरायच्या. तू दुपारभर कण्हायचीस. आपण तुझं करायला ठेवलेल्या आयाबाईंवर चोरीचा आळ घेतला, त्यांना काढून टाकलं. मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत बसले होते, आणि गोळ्या माझ्या पोटात होत्या.

दिवसाला आठ घ्यायचे, आता एकच घेते. दुखतं अजून, पण सगळं स्वच्छ आठवतं.

आज आयाबाईंकडे गेले. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला काय सांगतेस? मी चोर नव्हते हे मला ठाऊक होतं. तिला सांग."

कागदावर फार सोपं जातंय, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळच्या गाडीने येते. समोर बसून सांगते.

तुझी,
धाकटी