किरकोळ बदल

४ फेब्रुवारी
यकृतं सुजलीत. जास्त डोसच्या पिंजऱ्यातल्या जवळजवळ सगळ्याच उंदरांची. स्लाइड पुन्हा पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरल्या. वाटलं, माझेच डोळे फसताहेत. नाही फसत. कमी डोसवाले उंदीर ठणठणीत.

आणि हेच औषध रुग्णालयात माणसांना देताहेत – सध्या कमी डोस. वाढवायचा की नाही, हे आमच्या प्रयोगशाळेचं मत आल्यावर ठरणार. ते मत लिहायचं मी!

५ फेब्रुवारी
माझ्या गाइड सरांना सांगितलं. ते जर्नलला पाठवायच्या, याच औषधावरच्या पेपरवर शेवटचा हात फिरवत होते. मान वर न करताच म्हणाले, "शंका असेल तर रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना मेल कर, मला सीसीत ठेव. पण लोक घाबरतील असं लिहू नकोस. आपण शास्त्रज्ञ आहोत, बातमीदार नाही."

मी "हो सर" म्हटलं. माझी फेलोशिप त्यांच्या सहीवर चालते. त्यांच्यापुढे माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

६ फेब्रुवारी
अख्खा दिवस एका मेलमध्ये गेला. आधी लिहिलं, "यकृताला सूज". फार भडक वाटलं. मग "यकृतात बदल". तेही उघडंबोडकं, म्हणून "किरकोळ" चिकटवलं. मग "यकृत"ही गाळलं – तपशील विचारले तर सांगता येतील. शेवटी झालं ते असं:

"एकूण निष्कर्ष उत्साहवर्धक असून, काही नमुन्यांत आढळलेल्या किरकोळ बदलांचा अधिक अभ्यास उपयुक्त ठरू शकेल."

पाठवला. सुटले एकदाची.

८ फेब्रुवारी
बाईंचं उत्तर: "आभार. फार मदत झाली."
कसली मदत? विचारायचा धीर होत नाही.

११ फेब्रुवारी
ताईकडे जेवायला. ती शाळेत भाषा शिकवते, मुलांचे निबंध तपासून तपासून चष्मा लागलाय. म्हटलं, माझा मेल वाच जरा. तिने फोन हातात घेतला, वाचला.

"छान लिहिलंयस की. म्हणजे औषध चांगलंय."

मी घास ताटात ठेवला. "अगं, उंदरांची यकृतं सुजलीत!"

"मग ते कुठे लिहिलंयस?"

फोन माझ्यापुढे धरला. मी खरंच शोधत बसले. नव्हतंच कुठे.

भाजी वाढत ती शांतपणे म्हणाली, "हे तू बाईंना कळावं म्हणून लिहिलंस, की सरांनी रागावू नये म्हणून?" भाऊजी उगाचच पाणी आणायला उठले.

१२ फेब्रुवारी
सकाळी पहिलं काम तेच. विषयाच्या जागी लिहिलं – "डोस वाढवू नका". खाली: "जास्त डोस दिलेल्या बहुतेक उंदरांच्या यकृताला सूज आहे. कारण अजून कळलेलं नाही. स्लाइडचे फोटो जोडले आहेत. माझा आधीचा मेल संदिग्ध होता, तो धरू नये." "किरकोळ" नाही, "ठरू शकेल" नाही. सीसीत सर. बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. मग दाबलं.

जेवणाआधीच सरांचं बोलावणं. जिना चढले. गेली फेलोशिप, आता घरी काय सांगायचं – एवढंच डोक्यात.

सर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते. "पहिला मेल मी उघडलाही नव्हता. सीसीत होतो ना," म्हणाले. मग, "स्लाइड दाखव."

बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून राहिले. उठले, खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे चोळले. "पाठवलेला पेपर मागे घेतो. संपादकांना मीच लिहितो." रागावले नाहीत! उलट दारापर्यंत आले.

घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंचा फोन. कालचा मेल वाचून डोस लगेच बंद केला. पण वाढवला होता आठ तारखेलाच. एका पेशंटचे डोळे पिवळे झालेत, तपासण्या चालू आहेत.

"तुम्ही उत्साहवर्धक म्हणाला होतात ना?"

आवाज चढलेला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.