ड्रायरला क्लास, कागदाला नाही

बोईसर, ४ ऑगस्ट १९९८

चि. सौ. पुष्पलतास अनेक आशीर्वाद.

माझ्या दिरांनी, भगवंतभावजींनी, भर मीटिंगमध्ये माझा अपमान केला, म्हणून हे पत्र. आमच्या रंगाच्या कारखान्यातला माल वाळवणारा ड्रायर दर मिनिटाला तापमान कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये लिहितो. ती फाइल वाचून रोजचा अहवाल छापणारी साठ ओळींची स्क्रिप्ट, पर्ल भाषेतला छोटा प्रोग्रॅम, मी लॅबमध्ये बसून लिहिली. दोन वर्षं बिनबोभाट चालली. भावजी म्हणाले, ही तर वहिनींची वाणसामानाची यादी! मग त्यांनी तेच काम ऑब्जेक्ट पद्धतीनं केलं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकेका गोष्टीला वेगळा साचा, त्यालाच म्हणे क्लास. अहवालाला क्लास, पानाला क्लास, रकान्यालासुद्धा. एकूण अकरा. सगळे माझ्याकडे बघून हसले.

आता आणखी दोन ड्रायर आलेत. एक फॅरनहाइटमध्ये लिहितो, दुसरा तापमान बदललं तरच. पंधरा दिवसांत जो तिन्ही जोडील त्याच्याकडेच हे काम, असं साहेबांनी सांगितलंय. मला भावजींची मान खाली गेलेली बघायची आहे. तू कॉलेजात हेच शिकवतेस. एकही क्लास न लिहिता कसं जिंकायचं, ते कळव.

तुझी विजयाताई

पालघर, ८ ऑगस्ट

ती. विजयाताईस सा. न. वि. वि.

रागात इतकं वळणदार अक्षर फक्त तुझंच! एकच ड्रायर होता तेव्हा तुझंच बरोबर होतं. फाइल आत, अहवाल बाहेर. तिथे क्लास म्हणजे नुसता पसारा. आता मात्र तिघांच्या तीन तऱ्हा, आणि तिसऱ्याची मागची नोंद लक्षात ठेवायला हवी. स्क्रिप्टमध्येच कोंबलंस तर ओळीओळीला ‘हा ड्रायर असेल तर’ लिहीत बसशील. भावजींची पद्धत चुकली नाही, जागा चुकली. जे बदलतं त्याला क्लास दे. कागद कुठे बदलतोय?

सातपाटीचे सुके बोंबील ठेवलेत, घ्यायला ये. माझ्यावर चिडलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी पुष्पा

बोईसर, २० ऑगस्ट

श्री. भगवंतभावजी यांस स. न. वि. वि.

घरी येऊन बोलले असते, पण हे लेखी हवं. काल साहेबांसमोर माझा तिन्ही ड्रायरांचा अहवाल निघाला. क्लास तीनच, ड्रायरमागे एक, छपाई जुनीच. तुम्ही नऊ फाइलींना हात लावलात, तरी तिसरा ड्रायर बसेना, कारण ड्रायरला तुम्ही क्लासच दिला नव्हता. तुम्ही मान वर केली नाहीत. मला फार बरं वाटलं, लपवत नाही.

चौथा ड्रायर ऑक्टोबरात येतोय. त्याचा क्लास तुम्ही माझ्या हाताखाली लिहाल, असं मी साहेबांकडून मागून घेतलंय.

जाऊबाईंना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

विजया

जिवल्या शिपायाबरोबर दिलं: फ्लॉपी एक, तीन क्लासांची छापील पानं बारा, चौथ्या ड्रायरची माहितीपुस्तिका एक.
मिळाल्याची सही: भगवंत, २१ ऑगस्ट.
समजल्याची सही: बाकी.