उपासाचा रकाना

३ जुलै १९५६, मंगळवार

तांदूळ एक पायली — पावणेदोन रुपये. रॉकेल एक बाटली — तीन आणे. पोस्टकार्डं चार — तीन आणे. फॉर्मांचं बाड, एकूण तेरा — फुकट.

फॉर्म मुंबईहून आलेल्या महादेवरावांनी दिले. राहणीमानाची सरकारी पाहणी आहे. पाणी कुठून आणता, दिवा कसला, पायात वहाणा आहेत का, गेल्या महिन्यात किती वेळची जेवणं चुकली — असं सगळं. मी म्हटलं, "एवढ्यावरून कळतं होय, माणूस बरा जगतोय की नाही?" म्हणाले, "सुख मोजायची पट्टी अजून कुणाला सापडली नाही, वहिनी. जेवणं मोजता येतात." पाहणी कशासाठी ते मात्र सांगेनात. सांगितलं की लोक वाढवून लिहितात म्हणे.

कोळणींनी त्यांना दाद दिली नाही. "लगीन झालंय का तुमचं, ते आधी लिवा!" म्हणून पिटाळलं. गावात मॅट्रिक झालेली बाई मी एकटी. म्हणून कोळीवाड्यातली बारा घरं माझ्याकडे. तेरावा फॉर्म आमच्याच घरचा.

५ जुलै, गुरुवार

आमचा फॉर्म भरला. जेवण चुकण्याच्या कारणाचे तीन रकाने — आजार, उपास, धान्य नव्हते.

ह्यांच्या नावापुढे शून्य. सकाळी अर्धंमुर्धं जेवून शाळेत जातात, पण हेडमास्तरांच्या घरून सगळ्या मास्तरांना पोहे येतात, त्यावर भागतं. संध्याकाळी भूक नाही म्हणतात. कमळ — शून्य. दहा वर्षांची, वाढतं अंग. तिला कमी पडू देत नाही. माझी चौदा.

त्यातल्या दोन एकादश्या आणि एक संकष्टी, एवढे खरे उपास. बाकीचे सोमवार, गुरुवार, शनिवार मी धरले नाहीत, धरावे लागले. ह्यांचा पगार लांबतो, आणि आला की निम्मा धाकट्या भावोजींच्या शिक्षणासाठी मुंबईला जातो. डबा खरवडायला लागला की मला कुठला तरी वार आठवतो.

चौदाच्या चौदा उपासात लिहिली. मास्तरांच्या घरात धान्य नव्हतं, असं कागदावर कसं घालायचं?

९ जुलै, सोमवार

आज वेणूबाईपासून सुरुवात केली. हिच्याकडून मी गेली अकरा वर्षं वाडीसाठी कुटं घेते — माशांचं खत. स्पष्ट बोलणारी बाई. "होड्या वर काढल्यात, बाय. घरात सुकटीची येक मूठ हाय. दिसाला येकदा पेज. ती बी समदी राहीला पाजते, तरी पुरत न्हाय." राही तिची सून, पाच महिन्यांची पोटुशी. कोपऱ्यात जाळं विणत बसली होती. वर पाहिलं नाही.

पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर टेकली होती. मग मनात आलं — बारा घरांत धान्य नाही, आणि तेराव्या घरची बाई तेवढी चौदा वेळा उपाशी ती देवासाठी? महादेवराव एकदा तरी आमचा फॉर्म पुन्हा उघडतील.

म्हटलं, "उपासात लिहिते हं."

वेणूबाई हसली. "लिवा. मुंबईवाल्याला वाटंल, कोळणी लई देवाच्या."

पुढच्या अकरा घरी कारण विचारलंच नाही. घरी येऊन ओळीनं भरत गेले. अक्षर छान आलं आहे.

१२ जुलै, गुरुवार

फॉर्म दिले. महादेवराव म्हणाले, "इतकं स्वच्छ काम जिल्ह्यात कुणी केलेलं नाही."

२६ जुलै, गुरुवार

आज संकष्टी. खरा उपास. पोटाला फरक कळला नाही.

७ ऑगस्ट, मंगळवार

पाहणी कशासाठी होती ते आज कळलं. हे मुरुडहून सांगत आले. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी दूध नि भाताचं केंद्र निघणार होतं, थेट दिवाळीपर्यंत. तालुक्यात एकच. जिथे 'धान्य नव्हते' जास्त, तिथे. ते खाडीपलीकडच्या गावाला गेलं. आपल्या गावाबद्दल लिहिलंय म्हणे — 'टंचाई आढळली नाही, लोक धार्मिक वृत्तीचे आहेत.'

ह्यांनी विचारलं, "कोळीवाड्यात खरंच इतके उपास करतात?"

मी म्हटलं, "आमटीला मीठ आहे का बघा."

१० ऑगस्ट, शुक्रवार

राही विहिरीवर चक्कर येऊन पडली. कळशी गेली, ती बचावली. पोटातलंही बचावलंय, असं सुईण म्हणते, पण अंगात रक्त नाही. पोटात काही गेलं नाही तर महिनाही पुरा काढणार नाही. मी वाटीभर तांदूळ पदराखाली घेऊन गेले.

वेणूबाईनं तांदूळ घेतले. केंद्राचं तिला आधीच कळलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. सुनेच्या तळव्यांना खोबरेल चोळता चोळता म्हणाली, "राहीचा बी उपासच लिवलात ना, बाय? कंच्या देवाचा, त्ये तरी सांगा. म्हंजी त्याच्याच पाया पडते."



११ ऑगस्ट, शनिवार

पूजेला बसवेना. ज्याच्या नावावर खोटं लिहिलं, त्याच्याच पुढे साखर ठेवायची. फुलं तशीच तबकात राहिली. कमळनं विचारलं, "आई, तुला बरं नाही का?" तिलाही खोटंच सांगितलं.

१२ ऑगस्ट, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. पोस्टकार्डांतलं एक उरलं होतं, त्यावर पाहणी कचेरीला लिहिलेला मजकूर वाचायला दिला — तेराही फॉर्मांत उपासाचा रकाना मी खोटा भरला. कोळीवाड्यातल्या बाराही घरी पुन्हा विचारावं. तेराव्यात, म्हणजे आमच्या घरी, चौदापैकी अकरा वेळा धान्य नव्हतं.

ह्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "अगं, कोळीवाड्याचं लिही. ते लिहायलाच हवं. आपलं कशाला? उद्या शाळेत मुलांसमोर उभं राहायचंय मला."

मी म्हटलं, "आपलं झाकायला म्हणूनच त्यांचं झाकलं."

कार्ड घेऊन पडवीत गेले.

वाटलं, फाडतील. बायकोनं गावापुढे नाक कापलं, असं त्यांना वाटलं तर चूक काय. मला तरी कुठे वेगळं वाटतंय?

१३ ऑगस्ट, सोमवार

कार्ड देवापाशी सापडलं. हे शाळेत गेले होते. माझ्या सहीखाली, पत्त्याला लागेपर्यंत बारीक अक्षरात, त्यांनी लिहिलं होतं —

'माझ्या नावापुढील शून्यही चुकीचे आहे. शाळेत पोहे येत नाहीत. बावीस वेळा. कारण तेच. आमच्या गावी केंद्र केव्हा उघडणार, ते उलट टपाली कळवावे.'