नदीचं वळण आणि माझी खुर्ची

३ फेब्रुवारी
नदी बचाव समितीचा अध्यक्ष झालो. एकमताने. तशी समिती आमच्या हिने काढली, घरोघर हीच फिरली, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की हिची बोबडी वळते. माझा आवाज खणखणीत. नदीचं वळण बुजवून, काठांना काँक्रीटच्या भिंती घालून वर फूड कोर्ट काढणार आहेत. वळणावरच्या डोहात ही लहानपणापासून पोहते, आता आळीतल्या मुलींना शिकवते. डोह गेला तर माझं काय उरेल, असं विचारत होती. म्हटलं, मी आहे ना. उठून आत गेली. भारावली असावी.

६ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे नदीची पाहणी. अलार्म लावला.

७ फेब्रुवारी
अलार्म वाजला. ही उठली, पोहून आली. मी रिपोर्ट घेतला. पाणी गार आहे.

११ फेब्रुवारी
येत्या आठवड्यात जनसुनावणी. तिथे माइकवरून घेतलेला आक्षेपच ग्राह्य धरणार. बाकी सह्या, पत्रकं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भाषणाचं पहिलं वाक्य ठरलं: मित्रहो. पुढे काय, असं हिने विचारलं. पुढचं ओघात येतं. वळण सरळ केलं तर पुराचं पाणी थेट खालच्या वस्तीत घुसेल, हे बोला म्हणाली. मुद्दा बरा आहे. जमल्यास घेईन.

१५ फेब्रुवारी
प्रोजेक्टचा इंजिनिअर घरी आला. ताठ बसायचं ठरवलं होतं, पण माणूस सज्जन निघाला. प्रत्येक वाक्यात सर. म्हणाला, तुमच्यासारखी समंजस माणसं चळवळीत कुठे मिळतात? त्याने हे स्वतःहून ओळखलं. ही आत भांडी आपटत होती.

१८ फेब्रुवारी, दुपार
सुनावणीचा हॉल खचाखच. आमची मंडळी मागे, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मी तिकडेच निघालो होतो. इंजिनिअरने हात धरून स्टेजवर नेलं. गादीची खुर्ची, पाण्याची बाटली, पुढे पाटी: मान्यवर. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. शिवाय वरून आवाज लांब पोचतो. डावपेच.

संध्याकाळ
डावपेच जरा फसला. नियम असा की आक्षेप खालच्या माइकवरूनच घ्यायचे. स्टेजवरचे ते प्रकल्पाच्या बाजूचे. हे आधी सांगायला नको? उठून खाली जाता आलं असतं. पण सगळे बघत होते, आणि पायऱ्या अरुंद.

शेवटी ही उठली. डोह, मुली, खालची वस्ती, सगळं अडखळत का होईना, बोलली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई म्हणाल्या, पण तुमचे अध्यक्ष तर इथे आमच्यात बसलेत, त्यांचं काय मत? माइक माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, मित्रहो. मग ओघात आलं: सहकार्य करू. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. माझे कान तापले होते. हॉलमध्ये पंखे कमी.

१९ फेब्रुवारी
पेपरात फोटो. मी चांगला आलोय. खाली लिहिलंय, समितीचा प्रकल्पाला पाठिंबा. शेजारच्या आजींनी मला बघून दार लावलं. वारा असेल. दाढी करताना आरशात बघवेना, आरसा बदलायला हवा. हिला म्हटलं, गैरसमज झालाय. कुणाचा, म्हणाली.

२४ फेब्रुवारी
संकल्प: काम सुरू होईल त्या दिवशी मशीनपुढे आडवा पडणार. हिला आधी सांगायचं नाही, करूनच दाखवायचं. पाठीत कळ आहे, तेव्हा आडवा नाही, उभा.

२ मार्च
मशीन आलं. ही घरात नव्हती. एकटाच निघालो. गेटवर वॉचमन अडवेल म्हणून दोन सडेतोड वाक्यं तयार ठेवली होती, त्याने सलाम ठोकला. मशीनपुढे जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ऊर भरून आला. तो उतरून म्हणाला, साहेब, पेपरातल्या फोटोत तुम्हीच ना? बरं झालं आलात, कुठून सुरू करू?

सुरूच करू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या अदबीने विचारल्यावर तोंडून निघालं, तिकडून, झाडांकडून. डोहापासून लांब आहे, आजचा दिवस तरी वाचेल, असा हिशोब केला.

मशीन तिकडे वळलं. झाडांमागे आमची समिती हातात हात धरून उभी होती. मधोमध ही. माझा हात अजून त्यांच्याकडेच दाखवत होता, आणि ही माझ्याकडे बघत होती.

मशीन त्यांच्यापुढे थांबलं. मी नाही थांबलो, घरी आलो.

लाज वाटतेय. काहीतरी कारण लिहावं म्हणून मघापासून बसलोय. सुचत नाही. ही अजून आलेली नाही.